शुक्रवारचा आलेख

आमच्या विभागाच्या जिन्यावर फोटोंची रांग आहे. प्रत्येक फोटोत दोन माणसं एक निळी मखमली फाइल दोन बाजूंनी धरून कॅमेऱ्याकडे बघतायत. एक आमचे गटप्रमुख डॉ. सबनीस, दुसरा कुठल्या तरी कंपनीचा मालक. मागे बॅनर, पुढे टेबलावर कुंडीतलं रोप. मालक बदलतो, बॅनर बदलतो, रोपही बदलतं, कारण आधीचं पाण्यावाचून मेलेलं असतं. फाइल मात्र तीच. आत काही नाही. खऱ्या कराराचे कागद तेव्हा विधी विभागात कुणाच्या तरी टेबलावर पडलेले असतात. मला हे ठाऊक आहे, कारण फाइल माझ्या कपाटात असायची आणि दर समारंभाआधी तिच्यावरची धूळ मीच झटकायचे.

मी विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संशोधन गटात नोकरीचं आयुष्य काढलं. लागले प्रकल्प अभियंता म्हणून, निवृत्त झाले 'उद्योग समन्वयक' म्हणून. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ते सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. वडिलांची खाडीच्या कडेला भातशेती होती. नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "मंजे तू मशीनवर काम करनार?"

"नाही बाबा. मशीनवर काम करणाऱ्यांचा जे अभ्यास करतात, त्यांच्याबरोबर काम करणार."

त्यांचा पुढचा प्रश्न आला. "आनि पगार कोन देनार?"

"सरकार."

"मग ठीक हाय."

आमच्या कामाची इतकी नेमकी समीक्षा पुढे कुठल्या समितीनेही केली नाही.

तरी बाहेरच्या वाचकासाठी सांगते. सॉफ्टवेअर ही एका माणसाने बसून केलेली वस्तू नसते. ते वर्षानुवर्षं, अनेक हातांनी, कधी घाईत कधी कंटाळत लिहिलेलं असतं. औषधाच्या दुकानात बिल निघतं ना, त्या बिलातला सवलतीचा हिशोब एकाने लिहिलेला, माल परत घेण्याचा दुसऱ्याने, साठा मोजण्याचा तिसऱ्याने. तिसरा नोकरी सोडून गेलेला. आता सवलतीत जरा बदल केला की परत घेतलेल्या गोळ्यांचे पैसे चुकतात आणि कुणाला कळत नाही का. असं का होतं आणि होऊ नये म्हणून काय करावं, हे शोधणं म्हणजे आमचं शास्त्र. शास्त्र खरंच चांगलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार शास्त्रज्ञांबद्दल आहे.

हा अभ्यास विद्यापीठात बसून होत नाही. त्याला खरी कंपनी लागते, खरी चिडलेली माणसं लागतात. म्हणून उद्योगाशी सहकार्य. त्यांना माहितीपत्रकावर आमचं नाव हवं असतं, आम्हाला शोधनिबंधात त्यांचं. दोघांनाही एकमेकांकडून काम नको असतं, त्यामुळे संबंध गोडीचे राहतात.

एकदा वसई पूर्वेचा एक बिजागऱ्यांचा कारखानदार चुकून खरंच काम घेऊन आला. कोणता माल कोणाकडे पॉलिशला गेलाय एवढं त्याला मोबाइलवर दिसायला हवं होतं. सबनीस सरांनी त्याच्याकडे विद्यार्थ्यांचं पथक पाठवलं. पथकाने प्रश्नावली काढली. पहिला प्रश्न : माहितीच्या प्रवाहाबाबत आपल्या संस्थेचा दृष्टिकोन काय? तो बिचारा पॉलिशच्या धुळीत उभा राहून उत्तरं देत होता. शेवटी त्याने मला बाजूला घेतलं.

"ताई, ही पोरं काही बनवतात की नुसती विचारतात?"

"विचारतात," मी म्हटलं.

"मग जोडी कशी जमणार? मी पण विचारायलाच आलो होतो."

त्याच्यावर निबंध झाला. बिजागऱ्या अजून हरवतायत.

पण मला सांगायचं आहे ते 'सावधान'बद्दल.

'सावधान' हे सबनीस सरांचं लाडकं साधन. प्रोग्रामरने कुठे बदल केला की हे शेजारी लाल घंटा दाखवून सांगणार, इथे हात लावलात, आता तिथेही बघा. कल्पना सरांची, पण ते बांधलं प्रिसिलाने. प्रिसिला लोपीस, वसईच्या भुईगावची. आईवडिलांची वाडी, मोगरा आणि भाजी. शिकून डॉक्टरेटपर्यंत पोचलेली घराण्यातली पहिली. मला ती आवडायची यात नवल नाही. सोमवारी येताना घरच्या केळ्यांची फणी आणायची आणि टेबलावर ठेवून म्हणायची, "मॅडम, ह्याच्यावर कुठे सही करू?" आमच्या कार्यालयात सगळ्यालाच सही लागते, त्यावर तिचा टोमणा.

साधन वापरून बघायला जयेशभाईंची कंपनी मिळाली. वसई पूर्वेला औद्योगिक वसाहतीत वरच्या मजल्यावर दोन गाळे, औषध दुकानांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनवतात. निळी फाइल झाली, फोटो झाला, कुंडी झाली. कंपनीने वर्षभर 'सावधान' वापरायचं, आणि कोणी किती वापरलं ते साधन आपोआप विद्यापीठात कळवणार. आता वापर म्हणजे काय? जयेशभाई म्हणाले, आमच्या कोडमध्ये डोकवायचं नाही. सर म्हणाले, ठीक, मग साधन किती वेळा उघडलं ते मोजू. प्रिसिला तेव्हा नवी होती, ती म्हणाली, "सर, उघडणं म्हणजे वापरणं नाही ना?" सर म्हणाले, "जगभर असंच मोजतात." जगभर या शब्दापुढे आमच्याकडे वाद संपतो.

वर्षभराने आकडे आले आणि सर हवेत तरंगायला लागले. रोज, न चुकता, प्रत्येक प्रोग्रामर 'सावधान' उघडत होता. एवढी शिस्त परदेशातल्या कंपन्यांतही दिसली नव्हती. त्यातून एक गंमत निघाली. अधूनमधून एखाद्या शुक्रवारी आलेख एकदम उंच जायचा. त्या दिवशी प्रत्येकाने साधन पुन्हा पुन्हा उघडलेलं. सरांनी विचार केला आणि उपपत्ती मांडली. शनिवार-रविवारच्या आधी माल ग्राहकाला द्यायचा असतो, दडपण वाढतं, आणि दडपणाखाली माणूस साधनाकडे अधिक विश्वासाने वळतो. त्याला त्यांनी नाव दिलं 'शुक्रवार परिणाम'. निबंध परदेशात छापून आला. सरांनी व्याख्यानं दिली. एका व्याख्यानात तर त्यांनी हा प्रकार थेट मानवी मनापर्यंत नेला.

प्रिसिलाच्या प्रबंधाचा कणा तोच आलेख होता. प्रबंध गणपतीनंतर द्यायचा होता. तिकडे तिच्या घराजवळच्या पापडीहून रिक्षाने जाता येईल अशा एका कॉलेजात प्राध्यापकाची जागा तिच्यासाठी जवळजवळ पक्की होती, डॉक्टरेट हातात आली की रुजू व्हायचं. तिच्या आईने चर्चच्या पायऱ्यांवर निम्म्या गावाला सांगूनही टाकलं होतं.

प्रबंधातली भाषा आणि आकृत्यांखालच्या ओळी मी तपासून देत असे. तो गठ्ठा घेऊन एका शुक्रवारी मी रजेवर घरी होते, माणिकपूरला. मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटली गेली आणि लाइट गेली. वसईत राहणाऱ्याला यात बातमी नाही. वीज मंडळाची दुरुस्ती असली तर ती शुक्रवारीच असते. ती लाइट एकदाची जात नाही, तेही सांगते. जाते, येते, आपण मिक्सरचं बटण दाबतो, पुन्हा जाते. खांबावरचे लोक तार जोडून बघतात आणि परत सोडवतात. दर वेळी लाइट आली की आमच्या टीव्हीचा डबा आपोआप सुरू होऊन कंपनीचं चिन्ह दाखवायचा, स्वागत करायचा, मग पुन्हा मरायचा. मी चटणीचा हात पुसून समोरची आकृती बघत होते. शुक्रवार. उंच काठी. टीव्हीच्या डब्याने पुन्हा स्वागत केलं.

मी आकृतीखालच्या तारखा पुन्हा बघितल्या.

चटणी तशीच ठेवून मी रिक्षा केली आणि पूर्वेला गेले. जयेशभाईंची सगळी कंपनी खाली चहाच्या टपरीवर उभी होती. त्यात योगेश होता, त्यांचा जुना प्रोग्रामर, नालासोपाऱ्याचा.

"अरे, मॅडम! आज इन्स्पेक्शन काय?"

"लाइट नाही का रे?"

"शुक्रवार ना मॅडम. आली तरी टिकत नाही."

"आणि तुमचा यूपीएस?"

"बॅटऱ्या कधीच बसल्यात. जयेशभाई बोलतात, दिवाळीनंतर बघू. कुठली दिवाळी ते नाही बोलत."

तेवढ्यात वरून कोणी ओरडलं, आली, आली. सगळे वर. मीही वर. खुर्च्यांवर बसले, बटणं दाबली. एकेक पडदा उजळला आणि प्रत्येक पडद्यावर, कोणी बोटही न लावता, लाल घंटा हलायला लागली. सावधान. सावधान. सावधान. सगळ्यांनी एका सुरात ती खिडकी बंद केली, डास मारावा तशी.

"हे आपोआप उघडतं?" मी विचारलं.

"हो ना. जयेशभाई बोलले, विद्यापीठाला वापर दिसला पाहिजे. कोण रोज लक्षात ठेवून उघडणार? मग सिस्टमवाल्याने मशीन चालू झालं की हे चालू होईल असं करून टाकलं. रोज सकाळी सावधान. मॅडम, आतापर्यंत माझी शेकडो लग्नं लागली असतील. एकदा पण जेवण नाही मिळालं."

सगळे हसले. लाइट गेली. पंखा थांबला. थोड्या वेळाने लाइट आली, घंटा हलल्या, विद्यापीठात आमचा वापर वाढला.

जयेशभाईंना मी केबिनमध्ये गाठलं. त्यांना काही लपवायचं असल्यासारखं वाटतच नव्हतं. "मॅडम, तुम्हाला काय पाहिजे होतं? वापर. मी दिला का नाही? एक दिवस खाडा नाही. दुसऱ्या कुठल्या पार्टीने एवढा दिला सांगा."

खरं म्हणजे तो माणूस प्रामाणिक होता. आम्ही मागितलेला माल त्याने बरोबर दिला होता.

सोमवारी मी प्रिसिलाला प्रयोगशाळेतून बाहेर बोलावलं आणि कँटीनच्या मागे सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे भुईगावला पण शुक्रवारी लाइट जाते. लहानपणापासून जाते. आई शुक्रवारी सकाळीच टाकी भरून घेते." ती हसायला लागली आणि ते हसू मध्येच मोडलं. "चार वर्षं होस्टेलला राहिले तर हेच विसरले मी?"

विद्यापीठात जनरेटर आहे. तिथे दिवा फडफडतसुद्धा नाही. तिथे राहून सगळ्यांनाच विसर पडतो, पण ती एकटीच त्यावर रडली.

आम्ही दोघी सबनीस सरांकडे गेलो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेनचं टोपण लावलं, काढलं.

"म्हात्रेबाई, क्षेत्रीय अभ्यासात थोडा गोंगाट असायचाच."

"सर, हा गोंगाट नाही. ही दुरुस्तीसाठी बंद केलेली लाइट आहे."

"ठीक आहे. शेवटच्या प्रकरणात अभ्यासाच्या मर्यादा लिहितो ना आपण, तिथे एक वाक्य घाला. 'वीजपुरवठ्यातील अनियमिततेचा किरकोळ प्रभाव संभवतो.' झालं."

ही आमच्या धंद्यातली रीत आहे, वाचकांना माहीत नसेल. प्रत्येक निबंधाच्या शेवटी मर्यादांचा एक परिच्छेद असतो. त्यात आपली सगळी पापं बारीक आवाजात सांगून टाकायची. एकदा सांगितली की धुतली गेली. मग पहिल्या पानावर तेच निष्कर्ष मोठ्या आवाजात लिहायला मोकळे.

प्रिसिला म्हणाली, "सर, आमच्यात कन्फेशन करतात. पण फादर असं नाही सांगत की एक वाक्य बोल आणि घरी जाऊन तेच चालू ठेव."

"हे बघ, तुझी जागा थांबून आहे ना? मुदतवाढ घेतलीस तर ती जाईल. मी तुझ्या भल्याचं सांगतोय." आणि हे खरंही होतं. सरांची युक्ती नेहमी अशीच असे, त्यात समोरच्याचं थोडं भलं असायचंच.

ठरवायचं प्रिसिलाने होतं. जागा तिची होती, आई तिची होती. शेवटी ती म्हणाली, "मला मुदतवाढ पाहिजे. मी तिथे जाऊन बसते आणि ते लोक खरंच काय करतात ते बघते."

"आणि छापलेला निबंध?"

"माझं नाव काढा, नाहीतर निबंध मागे घ्या."

सर सही करायला तयार होईनात. मुदतवाढीचा अर्ज टेबलावर पडून राहिला. ते नैतिकतेला बधणार नव्हते, तिथे मी पूर्वी बरेचदा डोकं आपटून बघितलं होतं. मग माझ्या डोक्यात वेगळंच आलं.

"सर, प्रबंध असाच गेला असं धरू. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक येणार. तो जर वसई-विरारचा निघाला तर?"

"म्हणजे?"

"त्याला शुक्रवार म्हटल्यावर काय आठवेल? मानवी मन आठवेल की मिक्सर? भर सभेत हसेल हो तो."

सरांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता. खोटं ठरण्याची त्यांना भीती नव्हती, हसं होण्याची होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि अर्जावर सही केली. निबंध मात्र त्यांनी मागे घेतला नाही. प्रिसिलाचं नाव तेवढं वगळलं, आणि तेही असं की तिच्यावर उपकार केल्यासारखं.

पावसाळा संपल्यापासून पुढचा उन्हाळा सरेपर्यंत ती योगेशच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. सुरुवातीला ते लोक तिला विद्यापीठाची गुप्तहेर म्हणायचे. मग केळी सुरू झाली, आणि बोलणं सुरू झालं. एक दिवस तिने योगेशला विचारलं, "घंटा जे सांगते ते चुकीचं असतं का?"

"नाय गं, बरेचदा बरोबर असतं."

"मग बघत का नाहीस?"

"ती बोलते तिकडे बघ. तिकडचं कोड कुणाचं? राकेशचं. मी तिकडे बोट लावलं आणि उद्या काही फुटलं, तर नाव कुणाचं येणार? माझं. न बघता फुटलं तर राकेशचं. मग मी कशाला बघू?"

एवढंच होतं. साधन बरोबर होतं. पण जिथे चूक सापडली की पहिला प्रश्न 'कोणाची?' असा येतो, तिथे बरोबर साधन कोणी उघडत नाही. हे आमच्या गटात आजवर कोणाला कळलं नव्हतं, कारण कोणी तिथे बसलंच नव्हतं. प्रिसिलाने यावर सगळा प्रबंध नव्याने लिहिला. मी नोकरीत वाचलेल्या प्रबंधांत मला शेवटपर्यंत वाचता आला असा तो एकटाच.

तोवर कॉलेजातली जागा गेली. दुसऱ्या कोणाला मिळाली. तिच्या आईने चर्चच्या पायऱ्यांवर थांबणं सोडलं, मिस्सा संपली की मागच्या दाराने निघायची. ते मला अजून टोचतं. योग्य केलं म्हणून किंमत द्यावी लागत नाही असं जे सांगतात, त्यांनी त्या बाईला जाऊन सांगावं. प्रिसिला दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. आता लांबच्या एका कॉलेजात कायम झाली आहे. रोज जाते येते, तक्रार करत नाही, मी तिच्या वतीने करते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी सबनीस सरांनी प्रास्ताविक केलं. म्हणाले, "नकारात्मक निष्कर्षही निर्भयपणे मांडण्याची आमच्या गटाची परंपरा आहे." मागच्या रांगेत मला ठसका लागला. परंपरेचं वय तेव्हा एक प्रबंध एवढं होतं. हल्ली सर 'संशोधनातील प्रांजळपणा' या विषयावर व्याख्यानं देतात आणि त्यात प्रिसिलाचं उदाहरण सांगतात. शुक्रवार परिणामाचा निबंधही यादीत आहेच. दोन्हींचं श्रेय मिळतं.

मी निवृत्त झाले. निरोपाला शाल आणि कुंडी मिळाली. कुंडी जगली आहे, कारण तिला मी पाणी घालते.

मागच्या महिन्यात प्रिसिलाचा फोन आला. जयेशभाईंच्या कंपनीबरोबर नवा करार होतोय. 'सावधान'ची पुढची आवृत्ती. यूपीएसच्या बॅटऱ्या अजून बसलेल्याच, घंटा अजून रोज आपोआप हलते, ती काढायची कशी हे ठाऊक असलेला सिस्टमवाला कधीच नोकरी सोडून गेलाय. आणि सबनीस सरांनी प्रिसिलाला बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून बोलावलंय. सन्मानपूर्वक. निळ्या फाइलच्या फोटोत तिसऱ्या म्हणून उभं राहायला.

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"हो म्हणाले, मॅडम. एकच अट घातली. समारंभ विद्यापीठात नको, कंपनीत ठेवा. शुक्रवारी सकाळी."

"आणि?"

"सर म्हणाले, कळवतो."

त्याला आता चार शुक्रवार झाले. दर शुक्रवारी आमच्याकडे लाइट गेली की मी तिला फोन करून विचारते. सरांचं अजून उत्तर नाही.